खारे वारे, मतलई वारे

माहुलच्या शाळेच्या गच्चीवर
आठवड्यातून दोनदा चढते मी,
प्लास्टिकच्या डबीत एक गोल पांढरा कागद घेऊन,
वजन करून आणलेला.
चोवीस तास तो यंत्रात बसून श्वास घेतो.
दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलायचा,
प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा तोलायचा.
दोन वजनांतला फरक
म्हणजे माहुल.

नोकरी लागली तेव्हा गवाणकर साहेब म्हणाले होते,
"मुंबईला कसली काळजी?
दुपार झाली की समुद्र येतो, केर काढून जातो."
आणि तेव्हाचे कागद होतेही तसे,
बशीत सांडलेल्या कोऱ्या चहाएवढे फिकट,
जानेवारीतसुद्धा.

इथून दिसते ती खाडी.
म्हणजे टाक्या दिसतात, पाइप, तिवरं,
आणि त्यामागचं राखाडी म्हणजे पाणी असं धरून चालायचं.
खरा समुद्र पाठीमागे, पश्चिमेला,
शहर ओलांडून यावं लागतं त्याच्या वाऱ्याला.
पूर्वी अकराला पोचायचा.
मग एक. मग अडीच.
यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला
आणि गेला तो एका रात्रीत, भाडं न देता गेल्यासारखा.
मागे थंडी आली, बिनवाऱ्याची.
डिसेंबरात एक दिवस
खांबावरच्या तीन वाट्या हलेचनात.
एका वाटीवर कावळा येऊन बसला,
बराच वेळ बसला,
त्याला कुणी फिरवलं नाही.

खाली शाळेची खिचडी शिजत होती.
मावशींनी पातेल्यावर परात पालथी घातली
तशी वर कुठेतरी गरम हवा पालथी पडलेली,
आणि आम्ही सगळे आत,
ट्रकच्या, भट्ट्यांच्या, पाडलेल्या चाळींच्या चुऱ्यासकट.
समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन
फोटो काढत होते.
"काय धुकं पडलंय! महाबळेश्वर झालंय नुसतं!"
मी काही बोलले नाही.
माझ्या डबीत त्या महाबळेश्वराचं वजन होतं.

सहावीच्या वर्गातून जिन्यात आवाज येतो:
खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात,
मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे.
सुहानी लोखंडे मागच्या बाकावर, ओठ हलवते फक्त.
तिच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी निळा पंप असतो.
खेळाच्या तासाला तिला बाई गच्चीवर पाठवतात,
माझ्याजवळ बस म्हणून.
वर हवा बरी असेल असं बाईंना वाटतं.
मी ते खोडून काढलेलं नाही.

त्या कावळ्याच्या दिवशी ती विचारत होती,
"ताई, आला का?"
"नाही."
"आता?"
शेवटी कावळा उडाला, वाट्या फिरल्या.
मी रजिस्टरात लिहिलं, तिने वाकून वाचलं.

घटक चाचणीत प्रश्न होता, खारे वारे केव्हा वाहतात?
तिने लिहिलं: पावणेपाच वाजता.

तांडेल बाई पेपर घेऊन वर आल्या, धापा टाकत.
"हे तुम्ही शिकवलंत?"
मी रजिस्टर पुढे केलं.
बाई वाचत राहिल्या, मागची पानंही उलटली.
"माझे वडील मतलईवर होडी काढायचे," म्हणाल्या,
"घड्याळ नव्हतं घरात."
मग लाल पेन उघडलं.
"पावणेपाच म्हणजे तसा दिवसच की."
आणि अर्धा गुण दिला.

रात्री मतलई सुटला तरी
जे नेऊन दर्यावर टाकतो
ते दुसऱ्या दिवशी खारा परत घेऊन येतो,
फडकं न धुता फरशी पुसावी तसं.
हे पुस्तकात नाही.
मीही सुहानीला सांगितलं नाही,
अर्धा गुण तेवढाच.

कागद तराजूवर ठेवताना
श्वास रोखायचा असतो,
आकडे स्थिर होईपर्यंत,
आपला उच्छ्वास हिशेबात येऊ नये म्हणून.
पहिल्या दिवशीच शिकवतात हे.
पूर्वी सहज जमायचं.
हल्ली मध्येच खोकला येतो
आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.