चौथं बटण

एकोणिसाव्या दिवशी नर्स एर्मेलिंडा म्हणाली,
शर्टाची बटणं काढा.
तीन निघाली. चौथं निघेना.
बोटं माझीच, पण ऐकेनात.

काचेपलीकडे ती.
एक किलो एकशेवीस.
रायबंदरच्या धक्क्यावर याहून मोठं चोणक
माझ्या डोळ्यांदेखत पाटीतून पाटीत जातं.
पायाला पट्टी: गावकर, मुलगी.
नाव अजून ठेवलं नाही,
ठेवायचं धाडस झालं नाही.

मी फेरीबोटीवरचा माणूस.
भर आषाढात मांडवी गढूळ होऊन चढते,
ओला दोर तळहात सोलतो,
तेव्हा मी भीत नाही.
इथं बांबोळीला
एखादं यंत्र बीप करतं, तेही शेजारच्या बाळाचं,
आणि माझे गुडघे लोखंडाचे होतात.

काल डॉक्टर केंकऱ्यांना विचारलं, मला काय झालंय?
त्यांनी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर मेंदू काढला.
पणसासारखा दिसत होता.
आत खोल, इथं, म्हणाल्या, एक गाठ असते, बदामाएवढी.
काही खुट्ट झालं की हीच हाक घालते:
थांब. गोठ. हलू नको.
आणि हे इथं, मधोमध, दुसरी जागा,
तिथून ऑक्सिटोसिन निघतं.
कळा आणतं ते, दूध उतरवतं ते.
बायकांचंच ना, मी म्हटलं.
तुमच्यातही आहे हो.
कातडीला कातडी लागली की वाढतं, असं दिसलंय.

मग ते जाऊन त्या बदामाला दटावतं?
नाही. दटावत नाही.
बदामातच काही पेशी असतात, आवरणाऱ्या.
ते त्यांना जागं करतं,
आणि त्या, हाक देणाऱ्यांच्या तोंडावर हात ठेवतात.

हे मला कळलं.
रॅम्प मी उचलत नाही.
मी वर बघून नुसता हात करतो,
केबिनमधला फोंडू विंच फिरवतो.

त्या हसल्या. मग म्हणाल्या,
पण हे बरंचसं उंदरांत पाहिलेलं आहे हं.
आणि त्यातही एक गंमत:
गोठणं सुटतं,
काळीज मात्र तसंच धावत राहतं.
दोघांच्या वाटा वेगळ्या.

चौथं बटण एर्मेलिंडानंच काढलं.
भियेनाका, म्हणाली,
आणि नळ्यांसकट उचलून
तिला माझ्या छातीवर ठेवलं.

वजन कळलंच नाही आधी.
ऊब कळली. मग एक ओला गाल.
मग बोटं, शेवग्याच्या कोवळ्या शेंगांसारखी,
माझ्या छातीचे केस धरून.
चाकाच्या खुर्चीत सुलक्षा बसली होती,
टाके सांभाळत, काही न बोलता.
तिच्या गाऊनवर दोन ओले डाग उमटले,
तिनं खाली पाहिलं, ओढणी घेतली नाही.

किती वेळ गेला ठाऊक नाही.
यंत्र वाजलं.
या वेळी आमचंच.
माझं काळीज फेरीच्या इंजिनासारखं धडधडत होतं,
आधीपासून, एकदाही कमी न होता,
आणि तिचा कान नेमका त्याच्यावर.

पण हात हलला.
डावा. मी हलव म्हटलं नव्हतं.
तो तिच्या पाठीवर गेला, सगळी पाठ झाकून उरला,
दोन बोटांनी सरकलेली टोपी कानांवर ओढली.
वायर सुटली होती, एर्मेलिंडानं चिकटवली,
दुसरं काही नव्हतं.

एवढ्या गोंगाटात झोपली कशी?
मग आठवलं, सातव्या वर्षी मीही
इंजिनरूमच्या दाराला टेकून झोपायचो,
बापाची पाळी संपेपर्यंत.

तासानं तिला परत काचेत ठेवलं.
कदंबाच्या बसमध्ये, जुन्या गोव्याच्या वळणावर,
बदाम पुन्हा ओरडला.
ओरडू दे.
शर्टाचं चौथं बटण लावलं नव्हतं,
तिथं अजून तिच्या टोपीची लोकर अडकली होती,
पिवळी, एक धागा.

उद्या नऊला पुन्हा बोलावलंय.