ओव्हर देताना

सकाळी पावणेआठला मी ओव्हर दिलं.
बेड चार, रात्रभर ताप, तीनला घाम येऊन उतरला.
बेड सात, सलाईन डाव्या हाताला,
उजव्या हाताच्या शिरा आता नको म्हणतात.
बेड अकरा, आजोबा झोपले नाहीत,
मुलाचा फोन लागत नाही. लागला तर आधी त्यांना सांगा.
मार्थासिस्टरनं वहीत सही केली,
टोपण लावत विचारलं, "आणि तुझं?"

माझं अकरा वाजता होतं.
हडपसरहून बस, स्वारगेटला दुसरी,
मांडीवर प्लास्टिकची फाईल,
तिच्यात साडेतीन वर्षांचा डिप्लोमा, कौन्सिलची नोंदणी,
नऊ वर्षांच्या नोकरीचा दाखला.
नऊ वर्षं एका पानात बसतात,
खाली शिक्क्याला जागाही उरते.
आणि एक प्रतिज्ञापत्र, शिवाजीनगर कोर्टासमोर टाईप केलेलं:
सदर काळात मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.

कोणतेही नाही.
मी सही केली, सुटे दिले, रस्ता ओलांडला.

बाराशे ग्रॅमच्या बाळाची शीर शोधताना
स्वतःचा श्वास कुठे ठेवायचा.
डॉक्टरांनी डोस चुकवला तर
"सर, अक्षर लागत नाहीये जरा" असं म्हणायचं.
गेलेल्या माणसाचे डोळे मिटण्याआधी
एकदा नावानं हाक मारायची,
हे कुणी शिकवलं नाही, मी मारते.
वॉर्डातली कुठली फरशी रात्री वाजते.

खिडकीत पालवेबाई.
त्यांनी कागद पत्त्यांसारखे पिसले
आणि एका पाकिटावर थांबल्या.
"ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद लागतं. हे फोडलंत तुम्ही."

हो, फोडलं होतं.
रविवारी, कुकरची शिट्टी होईपर्यंत,
मला बघायची होती ती वीस वर्षांची मुलगी
जिला शरीररचनेत अठ्ठावन्न पडले होते
आणि जी मेसच्या मागे रडली होती.
तेवढ्यासाठीच.
"नवं आणा मिरजेहून. शुक्रवार शेवटची तारीख."

नाईट बदलून घेतली,
दिवाळीतल्या दोन देऊन.
रात्रीच्या गाडीनं मिरज, सकाळी शाळेचं ऑफिस,
तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला,
"खिलारे? सगुणा खिलारे? तुमच्या बॅचच्या तर आता
इथं शिकवायला आल्यात."
मी म्हटलं, "मी शिकायला निघालेय."
तो हसला नाही. लाख वितळवली, शिक्का दाबला,
गार होईपर्यंत आम्ही दोघं गप्प.

परतीच्या गाडीत जेजुरीजवळ उजाडलं.
पाकीट खिडकीकडे धरलं, एक्स-रे धरतात तसं.
काही दिसलं नाही.
कागदाची घडी, आणि घडीवर माझ्याच बोटांची सावली.

शुक्रवारी पालवेबाईंनी लाख नखानं चाचपली,
आवक क्रमांक टाकला, पोच दिली.
मी विचारलं, निवड झाली तर वर्ग किती वाजता?
"आठला."
"आठला?"
"बरोब्बर आठला. उशीर चालत नाही."

मी जिना उतरले.
हडपसर ते इथवर, पंधरा मिनिटांत,
मगरपट्ट्याचा सिग्नल, तो फ्लायओव्हर,
आणि मधे कुठेतरी साडी बदलायची.
फोन वाजला. मार्थासिस्टर.
"बेड अकराचा मुलगा आला गं,
आजोबा म्हणतायत, रात्रीच्या सिस्टरला कळवा."

बरं, म्हटलं.
आणि तुमची सकाळची ड्युटी, सिस्टर,
सातला सुरू करता येईल का?
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग पेनचं टोपण निघाल्याचा आवाज.