हट

तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची बदली झाली रायपूरला.
ट्रकमध्ये सगळं चढलं: फ्रिज, पाळणा,
कुंडीतला ओवासुद्धा, मातीसकट.
जिन्यात राहिला तो.
सात-आठ महिन्यांचा, पिंगट,
अंगाच्या मानाने पंजे मोठे,
धाकट्याने थोरल्याचे बूट घालावेत तसे.

त्यांनी त्याला एकच विद्या शिकवली होती:
समोर कुणी थांबलं की उजवा पंजा पुढे करायचा.
पहिल्या सकाळी त्याने तो मला दिला,
मग दूधवाल्याला,
मग त्यांच्या दाराला, कुलपाच्या जरा खाली,
बराच वेळ.

नाव कुणालाच माहीत नव्हतं.
मोती म्हणून पाहिलं, शेरू, टायगर, चंदू.
कान हलला तो फक्त
खाली स्कूटर थांबल्याच्या आवाजाला.

जानेवारी होता. लष्करातल्या धुक्यात
समोरची गल्ली दुपारी बारापर्यंत नसतेच.
पायजम्याच्या नाडीचा पट्टा करून
मी निघालो त्याला घेऊन
ओळखीची दारं वाजवत.

जनकगंजात पळशीकर मास्तर म्हणाले,
"गुणी आहे हो. पण आमचं आता वय काय!"
आणि त्याचा पंजा दोन्ही हातांत धरून
कलेक्टर भेटल्यासारखा हलवला.
दौलतगंजात कुंटे वहिनींनी
नुकत्याच बसवलेल्या फरशीकडे नुसतं बघितलं.
हर्डीकरांच्या निनादला हवा होता, फार हवा होता,
रडला तो.
त्याच्या आईने मला चहा दिला, कुत्र्याला मारी बिस्किट,
आणि दार अगदी हळू लावलं.
मंडळाच्या फळ्यावर चिठ्ठी डकवली:
"चांगले घर हवे आहे."
दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं:
"आम्हालाही."

प्रत्येक नकारानंतर तो पुन्हा पंजा द्यायचा.
मला वाटायचं, अरे, पुरे आता,
थोडा तरी मान ठेव स्वतःचा.

मला विचाराल, तर माझ्याकडे इंदूचा दमा होता.
खरा होता. एक्स-रे आहेत.
तरी रात्री तो जिन्यात कुशी बदलायचा
ते रजईतून ऐकू यायचं,
आणि दमा हा शब्द आपण
जरा जास्तच वेळा वापरतोय असं वाटायचं.

नवव्या दिवशी कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली,
रामकलीच्या ठेल्याशी कपडे घ्यायला थांबलो.
कोळशाची इस्त्री. ठेल्याखाली राखेचं घमेलं,
भोवतीची जमीन कोमट.
त्याने तिला पंजा दिला.
तिच्या हातात इस्त्री. म्हणाली, "हट."
तो हटला नाही. ठेल्याखाली शिरला,
तीनदा गोल फिरला,
आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा
चारही पंजे स्वतःजवळ ठेवून झोपला.

मी म्हटलं, याला घर शोधतोय.
शर्टाची बाही उलटवत ती म्हणाली,
"पता है. पूरे मोहल्ले से पूछ लिया,
हमसे तो नहीं पूछा."

अकरा वर्षं माझे कपडे तिच्याकडे जातात.
माझ्या कॉलरी तिला पाठ आहेत.
तिचं घर कुठे, ते मला त्या दिवशी कळलं:
गोल पहाडियाच्या चढावर, पत्र्याचं,
दोन मुली, आणि आधीचीच एक शेळी.

संध्याकाळी ठेला चढाला लागला.
ती पुढून ओढत, धाकटी मागून ढकलत,
तो चाकाच्या शेजारून.
नाडी कुणाच्याच हातात नव्हती.
वळणावर थांबून त्याने एकदा मागे पाहिलं,
असं लिहायचा मोह होतो.
नाही पाहिलं.

आता दिवसातून वीसदा ती म्हणते, हट:
गिऱ्हाइकाच्या पँटीवरून, रोटीच्या फडक्यावरून,
मुलींच्या दप्तरावरून.
तेच नाव झालंय.
हाक मारली की येतो.

काल शर्ट घातला, तर कॉलरच्या आत
एक पिंगट केस,
इस्त्रीखाली सरळ, कडक झालेला.
इंदू म्हणाली, झटका तो.
झटकतो, म्हटलं.