दुरुस्तीला आलेली पुस्तकं

बालविभागातली पुस्तकं माझ्याकडे येतात
महिन्याच्या शेवटी, पोत्यातून, कणा मोडून.
ठाकूरद्वारच्या या पोटमाळ्यावर
खळ, दाभण, मेण लावलेला दोरा
आणि खिडकीखालून खोकत जाणारी बस.

मणेरीकर बाई यादी देतात: फाटलं, भिजलं, रंगवलं.
मी नुसत्या यादीवर जात नाही.
फाटलंय ते नेमकं कुठे, हे आधी बघतो.

चेटकिणीचे डोळे कर्कटकाने खरवडलेले.
का, तर तिने आपल्याला बघू नये.
म्हणजे कागदाला बघता येतं,
हे कुणीतरी पक्कं ठरवून टाकलंय.
उपाशी अस्वलाच्या तोंडाशी बिस्किटाचा भुगा;
तेलकट डाग आठ पानं खाली उतरलाय,
तोवर अस्वल गोष्टीत जेवून झोपलंसुद्धा.
राजाच्या गुडघ्याला पट्टी,
खरी, औषधाच्या दुकानातली.
ती सोडवताना मी श्वास रोखतो.
राजाला दुखेल म्हणून नव्हे, कागद सोलवटेल म्हणून.
असं मी म्हणतो.

माझा भाचा केईएमला मेंदूचे फोटो काढतो.
म्हणाला, मामा, दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असतं
हे कळायला पोराला चारेक वर्षं लागतात.
त्याआधी त्याला वाटतं, मला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक.
मी म्हटलं, काहींना चाळीसही पुरत नाहीत.
तो हसला.
मी त्याच्या आईबद्दल बोलत होतो.
थोडं माझ्याबद्दलही.

परवाच्या पोत्यात एक ससा आला.
पान सात. ससा मुळा उपटतोय, झुडपामागे कोल्हा.
कोल्ह्याला ठाऊक, चित्रकाराला ठाऊक,
सशाला नाही.
आणि समासात, शिसपेन्सिलीने,
घ उलटा काढून, कागद फुटेल इतकं दाबून:
मागे बघ

तारखांच्या चिठ्ठीवर दोनशे चौदा नंबर तीनदा.
एकाच पोराने तीनदा नेलंय पुस्तक.
म्हणजे पान आठवर काय होतं ते माहीत होतं त्याला,
सशाला ऐकू जाणार नाही हेही बहुतेक माहीत होतं,
तरी हाक मारली.

बाईंच्या यादीत: पान सात, लिखाण, खोडणे.
माझ्याकडे चांगलं रबर आहे, मऊ, खूण न ठेवणारं.
ते हातात धरून बसलो.
बस गेली. दुसरी गेली.
मग शिवण घातली, कणा बसवला, कापड डकवलं,
आणि यादीवर बरोबरची खूण केली.
आयुष्यात खोटी खूण मी फारशी केलेली नाही.

पुस्तक वजनाखाली ठेवलं, दिवा मालवला.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
काही कारण नसताना थांबलो,
मान वळवली.

काळोख, सरसाचा वास, उघडी राहिलेली खिडकी,
आणि तिच्या पलीकडे समोरच्या घराच्या गजांना धरून
झोपायची वेळ टळलेलं कुणाचं तरी पोर,
इकडेच बघत.