बरणी

दर जुलैत इर्याकडून एक बरणी येते.
आत पत्र नसतं. पाणी असतं,
गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं, दाट.
झाकणाला टेप, टेपवर तारीख.
बहीण खाली, फिनलंडच्या शेवटच्या बेटांपैकी एकावर,
मी वर, नदीकाठी, बाबांच्या चिकणमातीत.
मध्ये साठ किलोमीटर पाणी
आणि हे एवढंच बोलणं.

गेल्या सालची मी खिडकीत ठेवली.
बायको म्हणाली, टेबलावर आणू नकोस म्हणजे झालं.

बाबा वाईट नव्हते.
सल्लागार मोटारीतून यायचा, कॉफी प्यायचा, सांगायचा:
एक पोतं पिकाला, एक मातीला,
बँकेत टाकल्यासारखं.
बाबांनी टाकलं. वीस वर्षं. वहीत लिहून.
भूक पाहिलेली माणसं ती, युद्धानंतरची,
पानावर पुरे म्हणणाऱ्यालाही एक पळी जास्तच वाढायची.
शेतही पुरे म्हणालं असेल.
पण त्याचं तोंड ओढ्याकडे.

अति तिथे माती, म्हणतात.
आमचं अति मातीतच मुरलं,
आणि आता दर पावसात, दर बर्फ वितळताना
ते मुद्दल थोडं थोडं निघतं, गढूळ,
आणि खाली समुद्र बसून खातो.
फुगतो.
धाप लागते त्याला.

सप्टेंबरात, कापणीनंतर, जिप्सम आलं.
हेक्टरी चार टन, पांढरे ढीग.
शेजारचा टाउनो कुंपणावरून: काय रे, बर्फ लवकर पडलं यंदा?
मी ट्रॅक्टर हाकत राहिलो.
यानं मातीचे कण एकमेकांना धरून बसतात म्हणे,
सल्लागाराच्या मुलीनं सांगितलं.
तीही कॉफी प्यायली.
ओढ्यालगतची पंधरा मीटर पट्टी गवताला सोडली.
बाबांचे सगळ्यात भरदार ओट तिथलेच.

नोव्हेंबरात ओढ्यात हात घातला.
बोटं दिसली.
नखं नाही.

या जुलैत बरणी आली. हिरवीच.
तळाशी बसलेलं समुद्र इतक्यात विसरत नाही.
पण टेपखाली, पहिल्यांदाच, चिठ्ठी:
‘सौनाच्या शिडीच्या दोन पायऱ्या दिसतात.
आई पोहायची तेव्हा सात.’
चांगलं की वाईट, ते लिहिलेलं नाही.

बरणी धुवायला घेतली.
आतलं पाणी ओतायचं कुठे,
सिंकपाशी बराच वेळ
तसाच उभा.