शिंगं

दांडिया बाजारात, 'फॉल, पिको, जरीरफू' या पाटीखाली
ती आली विद्यापीठातून सायकल मारत,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं सोनं घेऊन.
नेलमी. सुमात्राची. मिनांगकाबाऊ.
हिंदी मोडकं, घासाघीस मात्र पक्की.
पदवीदानाला नेसायचंय म्हणाली.

उलगडलं तर काउंटर पुरेना.
लाल रेशीम, त्यावर दाट जर,
पाटोळा नव्हे, पैठणी नव्हे,
पण मागून पाहिलं आणि गाठी ओळखीच्या निघाल्या.
जर तुटली होती घड्यांवर, नेमकी घड्यांवरच.
"आजीचं?"
"आईच्या आईच्या आईचं," तिनं बोटं मोजली,
"बाबाचं यात काही नाही."

मी सुरती जर भरत गेले, ती बोलत गेली.
त्यांच्यात घर मुलींचं. भातखाचरं मुलींची.
कुळाचं नाव आईकडून येतं, चानियागो.
नवरा येतो नांदायला,
खोडावरच्या राखेसारखा,
वारा सुटला की चालला.
ती हसली. माझ्या तोंडात सुई होती.

"आणि आईचा भाऊ?"
"मामाक."
आम्हीही मामाच म्हणतो म्हटलं,
तर टाळीच दिली तिनं.
तो भाचीचं लग्न ठरवतो, शेत राखतो,
त्याच्या नावावर काही नसतं.

कोठी कचेरीचं मी तिला सांगितलं नाही.
गेल्या माघात तिथं तीन सह्या केल्या,
वळणदार, मास्तरीण शोभेल अशा,
आणि प्रतापनगरचं टेनामेंट दादाचं झालं.
त्यानं बाहेर सेवउसळ खाऊ घातली.
तिखट नको ना तुला, दोनदा विचारलं.
हाच दादा माझ्या वृंदाच्या लग्नात
अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभा राहून
अक्षता संपल्या तरी रडत होता.
त्याला वाईट तरी कसं म्हणू.

न्यायला आली त्या दिवशी म्हणाली,
डोक्यावरची घडी विसरलेय, सरावाला डोकं द्या.
स्टुलावर बसवून तिनं मला गुंडाळलं,
एक टोक इकडे ओढलं, एक तिकडे,
रेड्याची शिंगं, की त्यांच्या घराचं छप्पर,
तिलाही नक्की सांगता येईना.
आमच्यात बाईला शिंगं फुटली म्हणतात
ते कौतुकानं नाही.
आरसा बिलबुकाएवढा. एक शिंग त्यात मावलं,
दुसरं हातानं चाचपलं.

तेवढ्यात फोन. दादा.
"थांब, काढते," ती म्हणाली.
राहू दे म्हटलं,
आणि मान ताठ ठेवून, पडू नये म्हणून,
"बोल," म्हणाले.