मानशीच्या दारात

शिरोड्याच्या खाजनात, बांधाच्या टोकाला,
मानशीच्या लाकडी खांबावर
मी एक डबा ठोकला आहे.
आत नखाएवढी चिप.
बहुतेक वेळ ती झोपलेली असते;
जागी ठेवली तर बॅटरी आठवडाही पुरत नाही.

तिच्या अंगाला पाच तारा.
पहिलीच्या टोकाला तरंगता गोळा,
जुवारीचं पाणी चढलं की मान उचलणारा.
दुसरी मोटरची, फळी अडकली तर कळवणारी.
तिसरी बॅटरीची. चौथी मोबाईलच्या सिमची.
पाचवी लाल बटणाची, कुष्टाबाबनं हट्टानं लावून घेतलेली:
"माझ्या हाताला कायतरी ठेव गो, चेडवा."

तार हलली म्हणून चिप दचकत नाही.
हातातली सूचना पुरी करते,
कुठल्या ओळीवर होतो, बेरजेत हातचा किती,
सगळं रचते, ताटावर ताट,
आणि मग हाकेला जाते.
परतताना वरचं ताट आधी उचलते.
मधल्या वेळेचा तिच्यावर ओरखडाही नसतो.

कुष्टाबाबचं तसं नव्हतं.
चाळीस वर्षं तो भरतीला ताटावरून उठला.
फळ्या टाकून यायचा तेव्हा
हुमण थिजलेलं, बांगडा मांजरानं नेलेला.

आणि दोन तारा एकदम ओरडल्या तर?
त्यासाठी क्रमांक. तिथे आकडा लहान तितका मान मोठा.
शून्य पाण्याला.
खालचा बोलत असताना वरच्यानं हाक दिली
तर खालच्यानं अर्ध्या वाक्यात थांबायचं.
बरोबरीच्यानं मात्र उंबरठ्यावर हात वर करून
उभं राहायचं, आतला बाहेर येईपर्यंत.

मी चौघींना क्रमांक दिले.
सिमच्या तारेला द्यायचा विसरले.
न दिलेला क्रमांक म्हणजे शून्यच,
हे त्या जाड पुस्तकात होतं, एका तळटीपेत.

श्रावणातली पौर्णिमा. रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
कुठल्याशा लॉटरीचा मेसेज आला.
चिप उठली, आणि मीच लिहून ठेवल्याप्रमाणे
बावीस शेतकऱ्यांना एकेक करून
पाण्याची पातळी कळवायला बसली.
टॉवर मिळेना. ती थांबली. पुन्हा पाठवलं. थांबली.
दारात पाणी हात वर करून उभं.
तिला ते दिसत होतं, ही गोष्ट मला अजून छळते.
खूण चढली होती, नोंद झाली होती,
फक्त पाळी येत नव्हती.

कुष्टाबाबला जाग आली ती वासानं.
त्यानं लाल बटण दाबलं. बटणही रांगेत.
मग लुंगी खोचून तो चिखलात उतरला,
फळी खांद्यानं दाबून धरली,
तोवर खारं पाणी तीन वाफे आत.
कोरगुट खारं सोसतो, पण नाकापर्यंत नाही.

सकाळी तो मला रागावला नाही.
विचारलं, "माझा नंबर कितवा होता?"
"चौथा," मी म्हटलं.
तो बांधावरच्या खेकड्याकडे बघत राहिला.

आता सिमच्या दारात तीनच ओळी:
ऐकलं, खूण केली, परत जा.
बावीस निरोप नंतर, मोकळ्या वेळात.
लाल बटण चिपला विचारतच नाही;
त्याची तार थेट मोटरला जाते. त्याला क्रमांक नाही.

परवा त्याच्याकडे जेवायला होते.
मानशीकडून फळी उतरल्याचा आवाज आला,
आपसूक, वेळेवर.
कुष्टाबाब तरीही अर्धा उठलाच,
उजवा हात हवेत, बोटांना भात.
मांजरानं बांगड्याकडे पाहिलं.